२४ सेलांची वही

चाकणच्या आमच्या गोदामात २०१८ पर्यंत तीन फोर्कलिफ्ट होत्या, तिन्ही डिझेलवरच्या. गोदाम वाहनांच्या सुट्या भागांचं, तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूला डॉक, म्हणजे माल चढवा-उतरवायचा धक्का. पावसाळ्यात डॉकची शटरं अर्धी खाली ओढली की दुपारपर्यंत आत धुराचा थर तरंगायला लागायचा. घरी जाऊन नाक शिंकरलं तर रुमाल काळा व्हायचा. मी तिथलं स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळते. ऑपरेटर पोरं खोकतात, डोळे चोळतात, हे मी दोन वर्षं प्रत्येक सेफ्टी मीटिंगमध्ये सांगत होते. शेवटी एका ग्राहकाने काजळीचे डाग पडलेली खोकी परत पाठवली, आणि बॅटरीच्या गाडीची फाईल हलली.

पहिली गाडी आली ती ३ टनी. ४८ व्होल्टची बॅटरी, ६०० अँपिअर-अवर. सीटखालचं झाकण उघडलं की आत २-२ व्होल्टचे २४ सेल ओळीने बसलेले, प्रत्येकाला पिवळं टोपण. वजन टनाच्या जवळपास. मोटारीच्या बॅटरीची सवय असलेल्या माणसाला ते धूड पाहून धडकीच भरते. पण फोर्कलिफ्टला ते वजन हवंच असतं, कारण पुढे फोर्कवर माल उचलला की मागून तोलायला काहीतरी जड लागतं.

विकणाऱ्यांनी जो हिशोब मांडला तो मी माझा पुन्हा मांडून पाहिला होता. आमच्या ३ टनी डिझेल गाडीला तासाला अडीच ते तीन लिटर लागायचं. शिफ्टमध्ये इंजिन सहा तास चालू धरलं तर १५ ते १८ लिटर. इकडे ४८ गुणिले ६०० म्हणजे २८,८०० वॉट-अवर, साधारण २९ युनिट. त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे २३. ते परत भरताना चार्जरमध्ये आणि बॅटरीत जे वाया जातं ते धरून मीटरवर ३२-३३ युनिट पडतात. तेव्हाच्या सत्तरीच्या भावाने हजार-बाराशेचं डिझेल एका बाजूला आणि अडीचशे-तीनशेची वीज दुसऱ्या बाजूला. शिवाय त्या वर्षांत रात्री १० ते सकाळी ६ उद्योगांना युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती. गाडी रात्री चार्जिंगला लावायची, सकाळी काढायची. एवढं सरळ.

हा हिशोब चुकीचा नव्हता. फक्त बॅटरी सांभाळणार कोण, याचा रकाना त्यात नव्हता, आणि तो मीही घातला नाही.

सुरुवातीचे महिने आनंदाचे गेले. गाडीचा आवाज नाही, धूर नाही. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले, "ताई, आता मागनं कुणी हाक मारली तर ऐकू येतं." पोरांनी गाडीला मोबाईलसारखं वागवायला सुरुवात केली. चहाला गेलं की लाव चार्जरला, जेवायला गेलं की लाव. दहा मिनिटं तर दहा मिनिटं. मला वाटलं, किती काळजी घेतायत. पाणी घालायची वेळ झाली की संध्याकाळी गाडी चार्जरला लावताना कुणीतरी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन सगळी टोपणं काठोकाठ भरून टाकायचा. कधी आठवड्याने, कधी महिन्याने. सुट्टीच्या आदल्या दिवशी ओव्हरटाइमला गाडी पार बसेपर्यंत चालवायची आणि तशीच उभी करून घरी जायचं.

दीड वर्षाने दुपारी तीनच्या सुमारास मास्ट, म्हणजे फोर्क वर नेणारा पुढचा उभा सांगाडा, हळू उचलायला लागला. मग दोनला. मग जेवणाच्या सुट्टीच्या आधीच. डॉकच्या रॅम्पवरून भरला पॅलेट घेऊन चढताना गाडी धापा टाकायची. विसाव्या महिन्यात बॅटरी संपली. विकणाऱ्यांचा माणूस आला, त्याने आधी देखभालीची वही मागितली. वही नव्हती. वॉरंटीचा विषय तिथेच मिटला, आणि त्याला दोष द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

भोसरीत बॅटऱ्यांचं काम करणारे एक वयस्कर गृहस्थ कुणीतरी सुचवले. काका म्हणायचो त्यांना. ते आले, हातातलं कडं काढून खिशात घातलं, चष्मा लावला आणि ॲसिड किती घट्ट आहे ते मोजणारा हायड्रोमीटर काढला. काचेची नळी, वर रबराचा फुगा, आत तरंगणारा काटा. फुगा दाबून टोपणाच्या भोकात नळी घालायची, फुगा सोडला की ॲसिड वर चढतं आणि काटा त्यात तरंगतो. डोळ्याच्या रेषेत धरून आकडा वाचायचा. रात्रभर चार्ज झालेल्या बॅटरीत तो १२८० यायला हवा. खरं तर १.२८०, पण आकडा बोलताना दशांश कुणी म्हणत नाही. पहिल्या सेलला १२४०. दुसऱ्याला १२३५. काका मोठ्याने सांगत होते, मी कागदावर लिहीत होते. अकराव्या सेलला नळी घातली तेव्हा काटा असा खोल बुडाला की त्यांनी पुन्हा एकदा ॲसिड सोडून परत ओढलं. ११५०. "हा गेला," ते म्हणाले. "ह्याच्यामुळे ह्याचे शेजारी चाललेत." मग ट्रेच्या कडेची पांढरी पूड नखाने खरवडली. खालचं लोखंड पापुद्र्यांसारखं सुटून आलं.

त्या दिवशी दोन तास मी त्यांच्याजवळ खुर्ची टाकून बसले. आम्ही काय काय चुकलो ते त्यांनी एकेक करून दाखवलं, तेही आवाज न चढवता.

बॅटरी वापरताना शिशाच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. लगेच पूर्ण चार्ज केलं तर ते परत ॲसिडमध्ये विरघळतं. अर्धवट उतरलेली बॅटरी दोन-चार दिवस तशीच ठेवली तर तेच सल्फेट कडक होत जातं आणि मग चार्जरला दाद देत नाही. म्हणजे आमचा सुट्टीआधीचा ओव्हरटाइम. चहाच्या वेळच्या चार्जिंगचं मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण ते आम्ही भल्यासाठी करत होतो. चार्जिंगमध्ये सेलच्या तळाशी जड ॲसिड जमतं. पन्हं करताना न ढवळता ठेवलं तर गूळ तळाशी बसतो, तसं. ते ढवळण्याचं काम चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात उठणारे बुडबुडे करतात. दहा-वीस मिनिटांत तिथपर्यंत कधी पोचतच नाही. वर पातळ ॲसिड, खाली घट्ट, आणि प्लेटचा खालचा भाग त्यात झिजत राहतो. त्यातून बॅटरी दिवसभर गरम. लेड-ॲसिडचा, म्हणजे अशा शिसं-ॲसिडच्या बॅटरीचा, दिवस म्हणजे आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास थंड होणं. यातलं तिसरं 'आठ तास' कुठल्याच माहितीपत्रकात मी ठळक छापलेलं पाहिलं नव्हतं.

पाण्याचंही उलटंच चाललं होतं. चार्ज होताना आतली पातळी वर चढते. आधी काठोकाठ भरून मग चार्जिंगला लावलं की ते उतू जातं, आणि जाताना ॲसिड घेऊन जातं. नंतर कितीही पाणी घाला, गेलेलं ॲसिड येत नाही. ट्रे सडला तो यामुळे. पाणी घालायचं ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर, आणि प्लेटा झाकून थोडं वर, इतकंच. चार्जिंगआधी फक्त एका प्रसंगी घालायचं, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर, आणि तेव्हाही जेमतेम प्लेटा बुडतील एवढंच.

जानेवारी २०२० मध्ये नवी बॅटरी घेतली. ती यायच्या आधी मी चार्जिंगची जागा हलवली. आधी ती रॅकच्या टोकाला कोपऱ्यात होती, डोक्यावर पत्र्याचा पोटमाळा. चार्जिंगच्या शेवटी जो वायू सुटतो तो हायड्रोजन. हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो, आणि हलका असल्यामुळे वर जाऊन अशाच पोटमाळ्याखाली साठतो. नवी जागा डॉकच्या बाजूला, वर एक्झॉस्ट पंखा, खाली ॲसिड न लागणाऱ्या फरशा, डोळे धुवायचा नळ, सांडलेल्या ॲसिडवर टाकायला खायच्या सोड्याची बादली. आत जाताना कडं, अंगठी, गळ्यातली साखळी बाहेर. हा नियम सुरुवातीला पोरांनी मनावर घेतला नाही. मग एका दुपारी एका मुलाच्या हातून पाना निसटून दोन टर्मिनलवर आडवा पडला. क्षणभर निळा लखलखाट, फटाक्यासारखा आवाज, आणि पाना ढकलून काढला तेव्हा त्याच्या मधोमध चणा बसेल एवढी खाच वितळून गेलेली. मुलगा वाचला. तो पाना अजून त्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे, आणि आता सगळे पाने रबरी वेष्टणाचे आहेत.

वही मामांनी स्वतःहून मागून घेतली. लांब आखीव वही, प्रत्येक पानावर २४ रकाने. आठवड्यातून एकदा सगळ्या सेलांची ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरवरचा आकडा), पाणी किती घातलं, ॲसिडचं तापमान. एप्रिल-मेमध्ये चार्जिंग चालू असताना ते ४५ अंशांवर जायला लागलं की चार्जिंग थांबवून पंखा सोडायचा. सगळे सेल एका पातळीवर आणणारं जादा चार्जिंग, ज्याला आम्ही इक्वलाइझ म्हणतो, ते बुधवारी रात्री. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे बॅटरीला निवायला अख्खा दिवस मिळतो. पण त्याच दिवशी दुरुस्तीसाठी लाइटही जाते, म्हणून काम बुधवारी रात्रीच उरकायचं. हे वेळापत्रक बसवायला तीन महिने लागले असते, पण दोनच मिळाले. मार्चअखेर लॉकडाऊन लागला.

नवी कोरी बॅटरी बंद गोदामात अडकली. लेड-ॲसिड नुसती उभी राहूनही उतरत जाते, आणि महिन्या-दीड महिन्यात तिला चार्ज द्यावाच लागतो. आत फक्त वॉचमन होता, आणि त्याने कधी चार्जरला हात लावलेला नव्हता. मामा राजगुरुनगरहून व्हिडिओ कॉलवर आले. "आधी बटण बंद बघ. आता प्लग दाब. पूर्ण दाब, अर्धा नको. पंखा लावलास का? आधी पंखा." दुसऱ्या दिवशी त्याच वॉचमनने फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने हायड्रोमीटर दाखवला, आणि मामांनी पडद्यावर डोळे बारीक करून आकडे वाचले. ते वहीत नंतर, गोदाम उघडल्यावर, त्यांनी आठवणीने लिहिले.

तीच बॅटरी आज सहाव्या वर्षात आहे. पहिल्या वर्षीसारखी चालत नाही, पण जनरल शिफ्ट अजून पुरी करते. पहिली तिच्याच बनावटीची होती आणि २० महिन्यांत गेली होती.

म्हणून 'लेड-ॲसिड जुनाट झालं, आता लिथियमच घ्या' असं कुणी सरसकट सांगितलं की मला पटत नाही. एक शिफ्ट, ठरलेली सुट्टी, आणि वही मनापासून लिहिणारं एक माणूस असेल तर लेड-ॲसिड स्वस्त पडते आणि टिकते. वर मेली तरी तिचे वजनावर पैसे येतात. पहिली बॅटरी आम्ही परवानाधारक भंगारवाल्याला दिली तेव्हा नव्या बॅटरीच्या किमतीतला बरा हिस्सा तिने परत केला. शिसं वितळून पुन्हा बॅटरीतच जातं.

आमची अडचण दुसऱ्या शिफ्टपासून सुरू झाली. २०२२ मध्ये काम वाढलं, सेकंड शिफ्ट आली, आणि थंड व्हायचे आठ तास गेले. पुस्तकातला उपाय म्हणजे गाडीमागे दोन बॅटऱ्या, शिफ्ट बदलताना अदलाबदल. आम्ही तेही केलं. चेन ब्लॉकने, म्हणजे साखळीच्या कप्पीने, टनाची बॅटरी उचलायची, गाडी सरकवायची, दुसरी आत उतरवायची, केबल जोडायच्या. सरावाने २५ मिनिटं. दोन माणसं, आणि मला त्या २५ मिनिटांत दुसरं काही सुचायचं नाही. एकदा बॅटरी साखळीवर हलकेच फिरली आणि तिचा कोपरा खांबाला घासून गेला. त्या रात्री मी लिथियमची कोटेशनं मागवली.

लिथियमच्या पहिल्या ट्रायललाही मी जवळजवळ चूक केली होती. एका पुरवठादाराने जुन्याच गाडीत बसेल असा पॅक आणला. चार्ज झटपट, पाणी नाही, वायू नाही. वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, आणि हे तो फायदा म्हणून सांगत होता. मामांनी अडीच टनाचा पॅलेट उचलला आणि उतारावर हलका ब्रेक मारला, तशी गाडीची शेपटी उचलल्यासारखी झाली. स्टिअरिंग मागच्या चाकांचं असतं. क्षणभर हातातलं स्टिअरिंग मोकळं फिरलं. मामांनी माल तिथेच खाली टेकवला आणि उतरून गाडीच्या अंगावरची पत्र्याची पाटी मला दाखवली. त्यावर बॅटरीचं कमीत कमी वजन किती हवं ते कोरलेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर पाच वर्षं असलेली पाटी. पुरवठादाराला आम्ही त्याच दिवशी पॅक परत न्यायला लावला.

नंतर घेतलेल्या पॅकमध्ये लोखंडी वजनं घालून तोल जुळवलेला आहे. आत लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट. किंमत लेडच्या जवळपास अडीच पट. चार्जर त्याचा स्वतंत्र, कारण जुन्या चार्जरचं इक्वलाइझ चार्जिंग याला चालत नाही. पॅकमधलं नियंत्रक सर्किट चार्जरशी बोलतं आणि किती करंट घ्यायचा ते ठरवतं. आणि जे लेडला पाप होतं ते इथे पुण्य ठरलं. चहाला लावा, जेवायला लावा, शिफ्ट बदलताना अर्धा तास लावा. दोन शिफ्ट एका पॅकवर निघतात. चेन ब्लॉक त्या गाडीपुरता सुटला.

पण पोरांना पुन्हा नवं शिकवावं लागलं. लेडची बॅटरी संपत आली की गाडी सांगते, मास्ट जड होतो, चाल मंदावते. लिथियम शेवटपर्यंत तशीच जोरात चालते आणि मग नियंत्रक एकदम बंद करतो. पहिल्या महिन्यात एक गाडी रॅम्पच्या मध्यावर भरल्या पॅलेटसकट उभी राहिली. पडद्यावर तेव्हा ११ टक्के दिसत होते. सारखं थोडं थोडं चार्ज केल्याने पडद्यावरचा आकडा भरकटतो, आठवड्यातून एकदा पूर्ण १०० टक्के केलं की तो परत जाग्यावर येतो, हे तेव्हा कळलं. आता २० टक्क्यांना गाडी चार्जरवर, आणि बुधवारी रात्री पूर्ण चार्ज. बुधवारची सवय कामाला आली. वीजबिलाचाही एक धडा मिळाला. दोन वेगवान चार्जर जेवणाच्या सुट्टीत एकदम लागले की गोदामाची मॅक्सिमम डिमांड, म्हणजे एका वेळी ओढलेली सगळ्यात जास्त वीज, चढते आणि ती महिनाभराच्या बिलात बसते. म्हणून दोन्ही गाड्यांच्या जेवणाच्या सुट्ट्या वीस मिनिटांनी पुढेमागे केल्या.

माझा मावसभाऊ तळोज्याला गोठवलेल्या मालाच्या शीतगृहात आहे, आत उणे २० अंश. त्याचं म्हणणं, थंडीत लेडची ताकद इतकी घटते की शिफ्ट अर्ध्यावर सुटते. लिथियम तग धरते, पण शून्याखाली चार्ज करायची नाही, म्हणून चार्जर बाहेरच्या दालनात. आमच्या चाकणच्या उन्हाळ्याचा त्रास त्याला नाही, आणि त्याचा आम्हाला नाही.

तीन डिझेल गाड्यांपैकी एक अजून आहे, यार्डात. ट्रेलरवरून येणारे जड डाय, म्हणजे लोखंडी साचे, तीच उतरवते. यार्ड मुरमाचं आहे, जुलैत त्यात चाक रुततं, आणि गोदामातल्या गुळगुळीत जमिनीसाठी केलेली बॅटरीची गाडी तिथे नेली तर खड्ड्यातून निघतानाच तिचा निम्मा दम जातो. गेल्या पावसात एकदा नेली होती. परत आल्यावर मामांनी चाकांचा चिखल काढला, कनेक्टर पुसून कोरडा केला आणि वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकून लिहिलं, 'यार्डात नेली. नेऊ नये.' यार्डात काँक्रीट करायचं कोटेशन आलेलं आहे. ते मंजूर झालं की पुढचं बघू.